देवरुखच्या बाया कर्वे

कोंकणांतल्या जुन्या घरांतून एक वृद्ध स्त्री असावयाचीच. तिचें पाळण्यांतलें नांव नातवंडांस ठाऊक नसतें; कोणी तिला आजी म्हणतें, कोणी काकू, कोणी मामी. लोणच्याच्या बरणीपासून बाळंतिणीच्या खोलीपर्यंत सर्व कारभार तिच्या हुकमतीखालीं चालतो. ती गेली म्हणजे तेराव्यापर्यंत घरांत तिच्याच गोष्टी निघतात. मग फडताळाच्या किल्ल्या सुनेच्या कमरेस जातात आणि गोष्टी थांबतात. अशा हजारों स्त्रिया होऊन गेल्या व त्यांची नोंद कोठेंहि राहिली नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांतल्या देवरूख गांवच्या एका स्त्रीची मात्र नोंद राहिली, आणि ती तिनें म्हातारपणीं स्वतःच करून ठेविली. या स्त्रीचें नांव आनंदीबाई कर्वे. महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या त्या पत्नी. घरांत व घराबाहेर सर्वजण त्यांस 'बाया' म्हणत. १९५० सालीं, वयास पंचाऐशीच्या सुमारास वर्षें झालीं असतां त्या वारल्या.

महर्षि कर्व्यांच्या पत्नी अशी ओळख करून देणें सोपें आहे, आणि बहुतेक वेळां तेवढ्यावरच भागविलें जातें. परंतु बायांच्या आयुष्यांतलीं पहिलीं अठ्ठावीस वर्षें कर्व्यांची पत्नी म्हणून गेलेलीं नाहींत. आणि त्यांच्या आयुष्यांतलें जें सर्वांत कठीण पाऊल, तें तर त्यांनीं लग्नाच्या चार वर्षें आधींच टाकलेलें होतें. त्यांची आठवण करावयाची तर ती तेथून करावी हें बरें.

देवरूख हें संगमेश्वर तालुक्यांतलें, सह्याद्रीच्या पायथ्याजवळचें गांव. तेथील बाळकृष्णपंत जोशी यांच्या घरीं १८६५ च्या सुमारास गोदावरीचा जन्म झाला. घरांत तिला गोदू म्हणत. वयाच्या आठव्या वर्षीं नातू घराण्यांत तिचें लग्न झालें आणि तीन महिन्यांच्या आंत नवरा वारला. सासर म्हणजे काय, नवरा म्हणजे कोण, हें उमगण्यापूर्वींच ती विधवा ठरली. पुढें पंधरा-सोळा वर्षें तिनें विधवा म्हणून कंठलीं. त्या काळच्या कोंकणांतील ब्राह्मण घरांत विधवेचा दिवस कसा जाई हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस अधिक सांगावयास नको. पहांटेचें दळण, भाताचें कांडण, विहिरीचें पाणी, गोठा, सोंवळ्यांतला स्वयंपाक, घरांतल्या बाळंतिणीचें व आजाऱ्याचें. आणि इतकें करून घरांत मंगलकार्य निघालें कीं तिनें माजघराच्या अंधारांत बसावयाचें. अंगावर लाल आलवण, एकवेळचें जेवण, आणि वयांत आल्यावर केशवपन. हें शेवटचेंहि गोदूच्या वाट्यास आलें.

कायद्यानें पाहूं गेल्यास तिला मार्ग मोकळा होता. हिंदु विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं, म्हणजे तिच्या जन्माच्या नऊ वर्षें आधींच झालेला होता. पंडित ईश्वरचंद्र विद्यासागर यांनीं त्यासाठीं बंगाल्यांत केवढी खटपट केली हें सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडित यांनीं तोच पक्ष उचलला व १८७० सालीं पुण्यास या प्रश्नावर शास्त्र्यांचा मोठा वाद झाला. त्यांत सुधारकांची बाजू पडली. कायद्यानें विवाह कायदेशीर ठरविला खरा, पण त्याच कायद्यानें पुनर्विवाहितेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्कहि काढून घेतला. एका हातानें देऊन दुसऱ्यानें घ्यावें असाच हा प्रकार होता. गंमत अशी कीं, त्याच देवरुखाच्या आसपास कुणब्यांच्या व इतर अनेक जातींच्या घरीं विधवेचा पाट लावण्याची चाल पिढ्यान् पिढ्या चालत होती. त्यांस ना कायद्याची गरज पडली, ना शास्त्रार्थाची. अडचण होती ती स्वतःस उच्च म्हणविणाऱ्यांच्या माजघरांत.

गोदूचे भाऊ नरहरपंत जोशी मुंबईस राहत. धोंडो केशव कर्वे हे त्यांचे स्नेही. दोघांनीं मुंबईस एकत्र बिऱ्हाड केलेलें होतें. याच सुमारास पंडिता रमाबाई अमेरिकेहून परत आल्या व ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं गिरगांव चौपाटीजवळ 'शारदासदन' ही शाळा काढिली. उच्चवर्णीय विधवांनीं तेथें राहून शिकावें हा हेतु. अशा शाळेंत आपली विधवा मुलगी किंवा सून पाठविण्यास कोण धजणार? नरहरपंतांनीं आपल्या बहिणीस पाठविलें. शारदासदनांत दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच देवरुखची गोदू.

येथें थोडें थांबलें पाहिजे. महर्षि कर्वे तरुणपणीं परीक्षेसाठीं मुरुडाहून कुंभार्लीचा घाट चढून साताऱ्यास पायीं गेले, आणि तेथें वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस बसूं न देतां त्यांस परत लाविलें, ही हकीकत शाळेंतल्या मुलांस धडा म्हणून शिकविली गेली आहे. आणि ती शिकविण्यासारखीच आहे. पण त्यांच्या पत्नीनें मारिलेली मजल कोणी धड्यांत घातली नाहीं. कोंकणांतून मुंबईस जावयाचें म्हणजे त्या काळीं बंदर गांठावें आणि पुढें समुद्रमार्गें जावें. रत्नागिरीस आगगाडी येऊन पोंचावयास १९९० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. तथापि तें अंतर कांहीं मोठें नव्हे. चोवीस वर्षांची, केशवपन झालेली, आठव्या वर्षापासून 'अपशकुनी' हा शब्द कानीं पडलेली स्त्री. ती लहान मुलींबरोबर एका बांकावर बसून लिहावयास वाचावयास शिकूं लागते! परीक्षा नापास झाली तर पुन्हा देतां येते. येथें परत फिरण्याचा रस्ता जवळजवळ बंद होता. भावाचा आधार होता, रमाबाईंची माया होती, हें खरें. परंतु पाटी हातांत धरावयाची ती स्वतःसच धरावी लागते.

१८९० सालीं शारदासदन पुण्यास गेलें व गोदूबाईहि पुण्यास आल्या. इकडे कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ सालीं वारल्या; त्यांचा मुलगा रघुनाथ तेव्हां नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षीं कर्वे फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून पुण्यास आले. पुढें बाळकृष्णपंत जोशी पुण्यास आले असतां त्यांनीं कर्व्यांस दुसरें लग्न करण्याविषयीं सुचविलें. करीन तर विधवेशींच करीन, असें कर्व्यांनीं सांगितलें, आणि अखेर बाळकृष्णपंतांकडेच त्यांच्या मुलीची मागणी केली. देवरुखच्या या वृद्ध गृहस्थाचें मन किती मोठें असलें पाहिजे! मुलीच्या संमतीनें त्यांनीं होकार दिला. ११ मार्च १८९३ रोजीं, शारदासदनाच्या वाढदिवशींच, पुण्यास हें लग्न लागलें. लग्नांत गोदूबाईंचें नांव आनंदीबाई ठेविलें.

लग्न पुण्यास झालें, परंतु त्याची खरी झळ लागली ती मुरुडास. दापोलीजवळचें, समुद्रकांठचें हें मुरूड म्हणजे कर्व्यांचें मूळ गांव. त्यांची आई व भाऊ तेथेंच होते. गांवकऱ्यांची बैठक भरली आणि बहिष्काराचा ठराव झाला: कर्व्यांशीं कोणीं पंक्तिव्यवहार ठेवूं नये, आणि ते गांवीं आले असतां घरच्यांनीं त्यांस थारा दिल्यास त्या घरासहि वाळींत टाकावें. जन्मदात्री आई हयात, आणि तिच्या ओटीवर सुनेनें पाऊल ठेवावयाची सोय नाहीं. ज्या मातेस मुलाबद्दल अभिमान वाटावा तिनें चार लोकांपुढें मान खालीं घालावी, अशी स्थिति. बायांचें माहेर व सासर दोन्हीं रत्नागिरी जिल्ह्यांतलींच. माहेरानें तिला पुन्हा संसारांत घातलें. सासरनें तिला उंबरठ्याबाहेर ठेविलें. एकाच जिल्ह्याचे हे दोन चेहरे आहेत आणि दोन्हीं खरे आहेत. आज मुरुडास महर्षींचें स्मारक आहे.

यापुढचा बायांचा संसार म्हणजे एका विलक्षण पुरुषाबरोबरचा संसार. १८९६ सालीं कर्व्यांनीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढिला. पुण्यांत तेव्हां प्लेगाच्या सांथी चालू होत्या, आणि १९०० सालीं आश्रम शहराबाहेर हिंगण्यास गेला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेवर एक झोंपडी उभी राहिली. कॉलेजचें काम आटोपलें कीं कर्वे रोज पायीं हिंगण्यास जात. आश्रमास लागणारें सामानसुमान देखील कित्येकदां तेच वाहून नेत. साठविलेले पैसे त्यांनीं आश्रमास दिले. आयुष्याच्या विम्याची पॉलिसीहि संस्थेच्या नांवें करून दिली. बाहेरच्या जगानें यांत त्याग पाहिला आणि तो होताहि. पण ज्या पॉलिसीवर उद्यां घरच्या मुलांचें शिक्षण चालावयाचें ती अशी हातची गेली, तेव्हां मुलांच्या आईनें मनांत काय म्हणावें? बायांनीं तें मनांत ठेविलें नाहीं. संस्थेपायीं घराकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल त्या नवऱ्याशीं भांडल्या, आणि म्हातारपणीं त्या भांडणांची नोंदहि त्यांनीं लपविली नाहीं. थोर पुरुषाच्या पत्नीनें मुकाट्यानें झिजावें व झिजण्यांत धन्यता मानावी, असा आपल्याकडे एक सांचा आहे. बाया त्या सांच्यांत बसत नाहींत. मिळकत अपुरी, घरांत चार मुलगे, शिवाय शिकण्यासाठीं आश्रयास आलेलीं माणसें. हें सर्व त्यांनीं चालविलें, पण त्याचा हिशेब कधीं विसरल्या नाहींत.

आणि याहून मोठी गोष्ट पुढेंच आहे. हा आश्रम विधवांच्या शिक्षणासाठीं होता, पुनर्विवाहासाठीं नव्हता. येथें मुलगी पाठविली तर तिचें लग्न लावून देतील, अशी पालकांस धास्ती होती. म्हणून कर्व्यांनीं दोन्हीं कार्यें कटाक्षानें वेगळीं केलीं आणि विधवाविवाहाच्या चळवळींतून स्वतःचें अंग हळूहळू काढून घेतलें. संस्था जगविण्यास दुसरा उपाय नव्हता, हें मान्यच केलें पाहिजे. परंतु त्याचा अर्थ घरांत काय झाला? स्वतः पुनर्विवाहिता असलेल्या बायांस आश्रमांत मोकळेपणानें मिसळतां येईना. कित्येक वर्षें त्यांचें बिऱ्हाड आश्रमापासून वेगळें राहिलें. जिच्या दुःखाच्या दर्शनानें ही संस्था सुचावी, तिचीच सांवली संस्थेवर पडूं नये म्हणून जपावें लागलें. मुरुडच्या बहिष्काराचें दुःख मोठें खरें, पण तो परक्यांनीं घातलेला होता. हा आडपडदा घरच्या माणसानें, चांगल्या हेतूनें, सर्व बाजूंनीं विचार करून घातला होता. असा आडपडदा सोसावयास अधिक जड.

हें प्रकरण अधिक ठसठशीत दिसतें तें त्यांच्या धाकट्या बहिणीच्या चरित्राशेजारीं ठेविलें असतां. ही बहीण म्हणजे पार्वतीबाई आठवले. त्यांचा जन्म १८७० चा, त्याच देवरुखच्या घरांतला. त्यांस विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलें; पदरीं एक मुलगा होता. त्यांनीं पुनर्विवाह केला नाहीं. त्या पुण्यास आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कामास लागल्या आणि त्या संस्थेचा आधारस्तंभ झाल्या. संस्थेसाठीं वर्गणी मिळवीत त्या गांवोगांव हिंडल्या आणि १९१८ सालीं, इंग्रजी जेमतेम येत असतांना, एकट्या अमेरिकेस गेल्या. 'माझी कहाणी' हें त्यांचें आत्मवृत्त १९२८ सालीं प्रसिद्ध झालें व लवकरच त्याचें इंग्रजी भाषांतरहि निघालें. एका आईच्या दोन मुली. दोघींच्याहि कपाळीं तेंच आलेलें. एकीनें नवा संसार मांडिला म्हणून ती आश्रमाच्या कुंपणाबाहेर. दुसरी विधवाच राहिली म्हणून आश्रमाच्या मध्यभागीं. यांत पार्वतीबाईंचा तिळमात्र दोष नाहीं. त्यांचें कार्य डोंगराएवढें आहे. परंतु समाज कोणत्या विधवेस हात जोडतो आणि कोणत्या विधवेस अंतरावर ठेवतो, हें समजून घ्यावयाचें असेल तर या दोन बहिणींकडे पाहावें.

पुढें काळ पालटला. १९१६ सालीं कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि त्यांच्या मातुःश्री नाथीबाई यांचें नांव विद्यापीठास मिळालें. बाया स्वतःहि संस्थेसाठीं वर्गणी गोळा करीत फिरल्या. ज्या संस्थेनें घरचा पैसा नेला तिच्यासाठींच दारोदार जाऊन पैसा मागणें, यास काय म्हणावें? तक्रार करणारी स्त्री काम करीत नाहीं, असें समजणारांनीं हें लक्षांत घ्यावें.

मुलांच्या बाबतींत मात्र बायांचें माप पुरेपूर भरलें. सावत्र मुलगा रघुनाथ यांनीं १९२१ सालीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढिलें आणि १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. खटले झाले, नोकरी गेली, पण माघार घेतली नाहीं. बायांचे स्वतःचे तीन मुलगे. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेंत मोंबासा येथें स्थायिक झाले. दिनकर रसायनशास्त्राचे अध्यापक व पुढें फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांच्या पत्नी इरावतीबाई, मानववंशशास्त्रांतील पंडिता आणि 'युगान्त'च्या लेखिका. धाकटे भास्कर हिंगण्याच्या संस्थेंतच राहिले. नातींपैकीं जाई निंबकर व गौरी देशपांडे यांनीं इंग्रजी आणि मराठी अशा दोन्हीं भाषांत लिहून नांव मिळविलें. चोवीसाव्या वर्षीं पाटी हातीं घेतलेल्या आजीच्या घराण्यांत तिसऱ्या पिढीस लेखणी अशी सहज चालावी, याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. नातींनीं आजीची मतें उचलली असें नव्हे. पण जें वाटतें तें स्पष्ट लिहावयाचें, मग घरच्यांस तें आवडो वा न आवडो, ही खोड कोठून आली हें सांगावयास ज्योतिषी नको.

१९४४ सालीं, वयाच्या ऐंशीच्या घरांत, बायांनीं आपली हकीकत प्रसिद्ध केली. धाकट्या सूनबाई कावेरीबाई यांनीं ती संपादिली. पुस्तकास नांव दिलें 'माझें पुराण'. म्हातारीं माणसें जुनें सांगूं लागलीं म्हणजे पोरें 'झालें आजीचें पुराण सुरू' म्हणून थट्टा करितात. तीच थट्टा बायांनीं पुस्तकाच्या कपाळावर लिहून टाकिली. अगोदर कर्व्यांचें 'आत्मवृत्त' १९१५ सालीं निघालेलें होतें. ज्यांस कर्वे समजून घ्यावयाचे आहेत त्यांनीं दोन्हीं पुस्तकें जवळ जवळ ठेवून वाचावीं. एकांत संस्था कशा उभ्या राहिल्या तें आहे. दुसऱ्यांत त्या उभ्या राहत असतां चुलीवर काय होतें तें आहे. पुष्कळ वर्षांनीं, १९७२ सालीं, वसंत कानेटकरांनीं या दांपत्याच्या जीवनावरून 'हिमालयाची सावली' हें नाटक लिहिलें. डॉक्टर श्रीराम लागू व शांता जोग यांनीं नानासाहेब आणि बयो या भूमिका गाजविल्या, आणि त्या नाटकानें बायांची आठवण घरोघर नेली, हे त्याचे उपकार आहेत. तरी त्या नांवाशीं थोडें अडखळावयास होतें. सावली ही हिमालयाबरोबर आपोआप पडते. बाया आपोआप पडल्या नव्हत्या, त्या चालत आल्या होत्या.

बाया गेल्या तेव्हां महर्षि ब्याण्णव वर्षांचे होते. त्यांच्यामागें ते आणखी बारा वर्षें जगले. १९५८ सालीं त्यांस भारतरत्न ही पदवी मिळाली. त्याच वर्षीं १८ एप्रिलला, जन्मशताब्दीच्या दिवशीं, मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर पंडित नेहरूंच्या उपस्थितींत सत्कार झाला, त्यांच्या चित्राचें टपालाचें तिकीट निघालें. पांसष्ट वर्षांपूर्वींच्या त्या लग्नांत ज्यांनीं तोंड फिरविलें त्यांचीं नातवंडें त्या दिवशीं टाळ्या वाजविण्यांत असतील. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं महर्षि वारले. हिंगण्याच्या त्या परिसरास आज कर्वेनगर म्हणतात, आणि तेथील स्त्रीशिक्षण संस्था समाजकार्य करणाऱ्या स्त्रियांस दरवर्षीं एक पुरस्कार देते, त्याचें नांव 'बाया कर्वे पुरस्कार'.

महर्षींच्या मृत्यूनंतरच्या वर्षीं, १९६३ सालीं, अमेरिकेंत 'द न्यू ब्राह्मन्स' या नांवाचा इंग्रजी ग्रंथ निघाला. महाराष्ट्रांतल्या नव्या वळणाच्या पांच कुटुंबांच्या हकीकती त्यांत एकत्र केलेल्या आहेत. त्यांत बायांचें आत्मकथनहि आहे. आणि देवरुखच्या गोदूची ती गोष्ट परदेशच्या वाचकांपुढें मांडणारे ग्रंथकार होते त्यांचेच चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे.